‘टेन्शन घेऊ नका’ म्हटल्याने हृदय वाचत नाही

हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाला आपल्याकडे सगळेच एक फुकटचं औषध देतात: ‘टेन्शन घेऊ नका.’ डॉक्टर डिस्चार्ज देताना सांगतात, जावई दवाखान्याच्या जिन्यात सांगतो, व्याही फोनवर सांगतात. पारोळ्यात माझं मेडिकल आहे. गल्ल्यावर बसून हे वाक्य मी इतकं ऐकलंय की त्याच्यावरही एक्सपायरी डेट छापावी असं वाटतं. ज्याच्या कपाशीला भाव नाही, सोसायटीचं कर्ज थकलंय आणि मुलीचं लग्न आखाजीनंतरच्या तिथीवर धरलंय, त्याने ते टेन्शन नेमकं कुठे ठेवून यायचं, हे मात्र कोणी सांगत नाही.

माझी तक्रार अशी की, या सल्ल्यात टेन्शन म्हणजे निव्वळ मनाचा खेळ धरला जातो. हृदयाच्या लेखी ते रसायन आहे. ते रक्तात मोजता येतं, ते स्नायूच्या पेशीवर जाऊन बसतं, आणि अटॅकनंतर किती स्नायू वाचणार नि किती मरणार यात त्याचा हिस्सा असतो. त्या रसायनाचा बंदोबस्त करण्याचे काही अगदी साधे, हातातले उपाय आहेत. ते करायचे राहून जातात आणि सल्ला तेवढा मिळतो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. दुकान टाकण्याआधी मी एम.फार्म. केलं, विषय फार्माकॉलॉजी. आमच्या प्रयोगशाळेत पांढऱ्या उंदरांना आयसोप्रिनालिन टोचायचो. हे अ‍ॅड्रिनलिनचं प्रयोगशाळेत बनवलेलं भावंड. वजनाच्या किलोमागे ८५ मिलिग्रॅम, कातडीखाली, लागोपाठ दोन दिवस. उंदीर आधी धापा टाकतो, अंग फुगवून कोपऱ्यात बसतो, खाणं सोडतो. तिसऱ्या दिवशी त्याचं हृदय काढायचं, थोडं गोठवून पातेरीच्या वडीसारखे पातळ काप करायचे आणि टीटीसी नावाच्या द्रावणात कोमट ठेवायचे. थोड्या वेळात जिवंत स्नायू विटकरी लाल होतो. मेलेला तसाच फिकट, मळक्या पांढऱ्या रंगाचा राहतो. उंदराच्या हृदयाच्या टोकाकडे आणि आतल्या थरात ते पांढरे डाग उमटलेले मी भिंगाखाली पाहिलेत. त्या उंदराच्या रक्तवाहिनीत एकही गुठळी नव्हती. तेल नाही, तंबाखू नाही, कोलेस्टेरॉल नाही. नुसत्या हार्मोनच्या माऱ्याने स्नायू मेला होता. माँट्रियलमध्ये जॉर्ज रोना आणि सहकाऱ्यांनी १९५९ साली ही पद्धत मांडली. हृदय वाचवणारं नवं औषध तपासायचं असेल तर आजही देशभरच्या फार्मसी कॉलेजांत हाच प्रयोग पहिल्यांदा लावतात.

उंदराचं राहू द्या म्हणाल, तर माणसाचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे आणि जगाने ते मान्य केलेलं आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. १९७६ साली ते रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावला की धडधाकट पोरं काही तासांत जायची. दरदरून घाम, हातपाय थंडगार, मग तोंडातून गुलाबी फेस. विंचवाच्या विषाने मज्जातंतू थांबायचं नावच घेत नाहीत आणि शरीरातलं अ‍ॅड्रिनलिन, नॉरअ‍ॅड्रिनलिन धो धो रक्तात ओततात. आठ वर्षांच्या पोराच्या हृदयात कसलं ब्लॉकेज असणार? तरी त्याचं हृदय पंप करेनासं होतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. बावस्करांनी खाटेशेजारी बसून एकेक लक्षण टिपलं, १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं, आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी विंचूदंशावर वापरून १९८६ मध्ये तेही त्याच नियतकालिकात छापलं. प्राझोसिन त्या हार्मोनला रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा रिसेप्टरवर बसू देत नाही. जिथे शंभरातले तीस-चाळीस दगावत, तिथे मृत्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी ‘विंचवाचे डॉक्टर’ म्हणून फोटो छापले. माझ्या मते ते काम विंचवापुरतं नाही. स्वतःच्याच हार्मोनने हृदय कसं मोडतं आणि ते अडवता येतं, याचा तो खेड्यातल्या दवाखान्यात मिळालेला पुरावा आहे.

आता अटॅककडे येऊ. अटॅकमध्ये दोन गोष्टी एकाच वेळी होतात. गुठळीने रक्त अडतं, हे सगळ्यांना ठाऊक झालंय. दुसरी गोष्ट अशी की छातीत कळ, जिवाची भीती, पडलेला रक्तदाब या सगळ्याने मेंदू धोक्याची घंटा वाजवतो आणि मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन सोडतात. हृदयात शिरलेल्या मज्जातंतूंची टोकं नॉरअ‍ॅड्रिनलिन सोडतात. उपाशी पडलेल्या भागातली टोकं तर पुढे मेंदूच्या हुकमाचीही वाट पाहत नाहीत. त्यांच्यातला साठा आपोआप बाहेर गळतो आणि तेवढ्या जागेत त्याचं प्रमाण नेहमीच्या शेकडो पट होतं. हे हार्मोन पेशीवरच्या बीटा रिसेप्टरवर बसलं की आत कॅल्शियम वाढतं, ठोका जोरात पडतो, वेग वाढतो. निरोगी हृदयाला हेच हवं असतं, बस पकडायला धावताना. पण प्राणवायू नसताना? रात्रीच्या लायटीवर पाणी भरणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. व्होल्टेज पडलेलं असताना मोटर ओढत राहिली की वाइंडिंग जळतं. कॅल्शियम जादा झालं की पेशी आखडते, तिच्यातली ऊर्जा बनवणारी यंत्रणा फुटते. जो काठावरचा स्नायू अजून वाचला असता, तोही जातो.

हार्मोन आपला वैरी आहे असं मात्र समजू नका. ज्याचं हृदय अटॅकने फारच दुबळं झालंय, त्याचा रक्तदाब तेवढ्या घटकेला याच हार्मोनने तोलून धरलेला असतो. २००५ मध्ये चीनमधल्या ४५,८५२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अटॅक आल्या आल्या सरसकट मेटोप्रोलॉल, म्हणजे बीटा ब्लॉकर, शिरेतून दिलं. पुन्हा अटॅक येणं आणि ठोक्यांचा जीवघेणा गोंधळ कमी झाला, पण शॉकमध्ये जाणारे वाढले, आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. याउलट २०१३ मध्ये स्पेनमध्ये निवडक २७० रुग्णांना, ज्यांचा रक्तदाब टिकून होता त्यांना, बंद रक्तवाहिनी उघडण्याआधीच हे औषध दिलं. आठवड्याभराने एमआरआय काढला तेव्हा मेलेला स्नायू सरासरी ३२ ग्रॅमऐवजी २५.६ ग्रॅम भरला. सहा-सात ग्रॅम ऐकायला काही नाही. पण अख्खं हृदयच मुठीएवढं असतं. म्हणजे औषध तेच, माणूस आणि वेळ निवडायला मात्र डॉक्टरच हवा. म्हणून छातीत दुखतंय म्हणून शेजारच्या आबांची ‘हार्टची गोळी’ मागून देणाऱ्यांना मी हात जोडतो.

पहिल्या तासात घरच्यांच्या हातात काय आहे ते सांगतो. दुकानाच्या पायरीवर माणूस येतो, सदरा घामाने भिजलेला, तळहात छातीवर, आणि म्हणतो, “भाऊ, गॅस व्हई गया, काही तरी दे.” सोबतचा म्हणतो, पॅन-डी द्या आणि एक डायक्लो. मी गोळी देत नाही, खुर्ची देतो. मग सुरू होते आपली खानदेशी धावपळ. कोणी त्याला मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेतं. तालुक्याच्या गावी निम्मे दवाखाने गाळ्यांच्या वर, पहिल्या मजल्यावर. अटॅकचा माणूस स्वतःच्या पायाने तो जिना चढतो आणि वर जाऊन ‘ईसीजी काढा’ म्हणतो. त्या वीस पायऱ्यांत अर्धमेल्या स्नायूला काय भोगावं लागतं, ते मी वर लिहिलंय. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो तेव्हा तर बघायलाच नको. खाटेभोवती पंधरा माणसं, बाया रडतायत, एक जण कानाशी सांगतोय की ‘तरी म्हटलं होतं तंबाखू सोड’. ही वेळ आहे का?

माणसाला बसवा किंवा टेकवा, चालवू नका. १०८ लावा. आवाज कमी करा. एकच माणूस जवळ ठेवा, तोही न रडणारा. ईसीजी जवळच्या सरकारी रुग्णालयातही निघतो, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जिथे लवकर मिळेल तिथे घ्या. पारोळ्याहून धुळं महामार्गाने पस्तीसेक किलोमीटर, जळगाव त्याहून लांब, आणि मोठ्या दवाखान्याच्या हट्टापायी वाया गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत. डॉक्टर दुखणं थांबवण्याचं औषध देतात तेव्हा ‘नुसतं पेनकिलर दिलं’ म्हणून कुरकुर करू नका. वेदना थांबली की हार्मोनचा नळही थोडा बंद होतो.

आता माझ्या गल्ल्यावरचा खरा प्रश्न. अटॅकनंतर महिना-दोन महिने पट्ट्या नियमित जातात. मग एकेक औषध गळायला लागतं आणि बहुतेक वेळा पहिला नंबर बीटा ब्लॉकरचा असतो. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल, यांतलं कोणतंही. कारणं ठरलेली. बीपी तर नॉर्मल आहे, मग बीपीची गोळी कशाला? थकवा येतो. कोणीतरी सांगितलं, पुरुषत्वावर परिणाम होतो (हे विचारायला माणूस दुकान रिकामं व्हायची वाट पाहतो, मी समजून जातो). श्रावणात कानबाई बसते, घर पाहुण्यांनी भरतं, बाईमाणसाची गोळी हमखास चुकते. आमच्याकडे एक कापूसवाले नाना येत. हृदयाचं पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला बाहेर ढकललं जाणारं रक्त, पस्तीस टक्के. वेचणीच्या दिवसांत त्यांनी सगळ्या गोळ्या बंद केल्या. मी अडवलं तर म्हणाले, “आते बरं शे, मंग गोळी कसाले?” आठवडाभराच्या आत त्यांना रात्री धाप लागून धुळ्याला न्यावं लागलं. वाचले. आता पट्टी संपायच्या आधी येतात.

नानांना मी जे सांगितलं तेच इथे लिहितो. ही गोळी बीपी मोजून घ्यायची नसते. ती बीटा रिसेप्टरवर आधीच जाऊन बसते, म्हणजे हार्मोनला जागा मिळत नाही. अशी जागा अडलेली राहिली की पेशी आणखी रिसेप्टर उभे करते. मग एके दिवशी गोळी अचानक बंद केली, तर वाढलेले सगळे रिसेप्टर उघडे पडतात आणि तेवढंच अ‍ॅड्रिनलिन जास्त जोराने लागू पडतं. गोळी एकदम थांबवल्यावर छातीचं दुखणं आणि अटॅक उसळल्याच्या नोंदी १९७०च्या दशकापासून आहेत. बंद करायचीच असेल तर डॉक्टर ती हळूहळू उतरवतात. आणि पट्टीवर ‘एक्सएल’ किंवा ‘ईआर’ लिहिलेलं असेल तर ती कुटून दुधात घालू नका. तिच्यातलं औषध दिवसभर थोडं थोडं सुटावं अशी ती बनवलेली असते.

या औषधामागचा विचार स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांचा. त्या काळी सगळे हृदयाला रक्त वाढवायच्या मागे होते. ब्लॅक म्हणाले, हृदयाची मागणीच कमी करू. त्यातून प्रोप्रॅनोलॉल आलं आणि १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अमेरिकेत ३,८३७ अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांवर ते तपासलं, तेव्हा औषध नसलेल्या नकली गोळीवर ९.८ टक्के दगावले आणि प्रोप्रॅनोलॉलवर ७.२ टक्के. फरक इतका स्पष्ट की अभ्यास १९८१ मध्ये मुदतीआधीच थांबवला.

पण तो काळ वेगळा होता हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. तेव्हा स्टेंट नव्हते, गुठळी विरघळवणारी इंजेक्शनं सर्रास नव्हती, प्रत्येक अटॅक मोठा डाग सोडून जायचा. आज वेळेत रक्तवाहिनी उघडली तर अनेकांचं पंपिंग शाबूत राहतं. अशांना ही गोळी लागते का? २०२४ मध्ये मुख्यतः स्वीडनमधल्या ५,०२० रुग्णांच्या अभ्यासात, पंपिंग ५० टक्के किंवा जास्त असलेल्यांना फायदा दिसला नाही. २०२५ मध्ये स्पेन आणि इटलीतल्या साडेआठ हजारांच्या आसपास रुग्णांत, पंपिंग ४० टक्क्यांच्या वर असताना, फरक पडला नाही. त्याच वर्षी नॉर्वे आणि डेन्मार्कच्या अभ्यासात मात्र थोडा फायदा दिसला. आणि फ्रान्समध्ये स्थिरावलेल्या ३,६९८ रुग्णांपैकी निम्म्यांची गोळी थांबवून पाहिली, तर थांबवणं सुरक्षित आहे असं सिद्ध झालं नाही. यातल्या एका बातमीचा अर्धा तुकडा मोबाइलवर फिरतो आणि माझ्या दुकानात ‘ही गोळी आता परदेशात बंद झाली म्हणे’ असा येऊन पडतो. बंद झालेली नाही. ज्यांचं पंपिंग घसरलंय, त्यांच्यासाठी ती आजही पायाचा दगड आहे. बाकीच्यांसाठी प्रश्न खुला आहे, आणि तो टूडी एको पाहून डॉक्टरांनी सोडवायचा आहे, कट्ट्यावर नव्हे.

अ‍ॅड्रिनलिनच्या मागून येणारे आणखी दोन आहेत, कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन. यांचं काम सावकाश चालतं. जखम भरताना हृदयात किती कडक व्रण तयार होतो, मीठपाणी किती साठतं, हे त्यांच्याकडे. अटॅकनंतर पंपिंग ४० टक्के किंवा कमी असलेल्या ६,६३२ रुग्णांना अल्डोस्टेरॉन अडवणारं एप्लेरेनोन दिलं, तेव्हा मृत्यू १६.७ टक्क्यांवरून १४.४ टक्क्यांवर आले. हा २००३चा अभ्यास. तुमच्या पिशवीत एप्लेरेनोन किंवा स्पायरोनोलॅक्टोन असेल तर ती ‘लघवीची गोळी’ म्हणून बाजूला काढू नका. फक्त पोटॅशियमची तपासणी चुकवू नका, ते वाढू शकतं.

मग टेन्शनचं काय? ते खोटं आहे का? नाही. १७ जानेवारी १९९४च्या पहाटे लॉस एंजेलिसला भूकंप झाला. आदल्या आठवड्यात तिथे हृदयविकाराने अचानक मरणारे रोज सरासरी पाचही नव्हते, त्या दिवशी ते २४ झाले. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात कामाचा, घरचा, पैशाचा ताण हा अटॅकशी ठळकपणे जोडलेला निघाला, आणि दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला अटॅक इतरांपेक्षा सहा वर्षं आधी, त्रेपन्नाव्या वर्षाच्या सुमारास येतो हेही त्यातूनच दिसलं. त्रेपन्नाव्या वर्षी खानदेशातला माणूस आजारी पडत नाही, त्याचं अख्खं घर आजारी पडतं.

पण इथेच माझं डॉक्टर मंडळींशी भांडण आहे. अमेरिकेत अटॅकनंतर खचलेल्या २,४८१ रुग्णांना समुपदेशन दिलं. त्यांचं मन थोडं सावरलं, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. तासतासाचं शास्त्रशुद्ध समुपदेशन जिथे आकडा हलवू शकलं नाही, तिथे दारातून जाता जाता म्हटलेलं ‘टेन्शन घेऊ नका’ काय करणार? उलट त्यातून रुग्णाच्या मनात अपराध बसतो. दुसरा अटॅक आला तर तो म्हणतो, माझंच चुकलं, मी फार विचार केला. त्याला सांगण्यासारखं दुसरं बरंच आहे. महिन्याची गोळी कुठे स्वस्त मिळेल, शेतात किती दिवसांनी जायचं, पाण्याची मोटर चालू करायला मध्यरात्री उठायचं की मुलाला पाठवायचं, जिना चढायचा का, नवरा-बायकोने जवळ यायला हरकत नाही का. या पाच गोष्टींची उत्तरं मिळाली तरी निम्मं टेन्शन उतरतं. महात्मा फुले योजनेत स्टेंट बसतो, ही मोठी गोष्ट आहे. पण स्टेंट बसवून आलेल्या माणसाच्या हातातलं डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असतं आणि ते वाचून दाखवायचं काम माझ्यासारख्या दुकानदारावर येतं. मी वाचतो, पण ते माझं काम नव्हे.

म्हणून जळगाव-धुळ्याच्या हृदयरोगतज्ज्ञांना एवढीच विनंती करतो: कार्डावर मराठीत तीन ओळी लिहा. पंपिंग किती आहे. कोणती गोळी हार्मोन अडवण्यासाठी आहे आणि ती कधीपर्यंत घ्यायची. बंद करावीशी वाटली तर कोणाला फोन करायचा. आणि घरात अटॅक येऊन गेलेलं माणूस असेल त्या वाचकांना सांगतो, पुढच्या वेळी मेडिकलवर याल तेव्हा नुसती रिकामी पट्टी आणू नका, कार्ड आणि शेवटचा टूडी एको बरोबर आणा.